शालन, तुझा दगड केला नाही

त्या दिवशी सांजच्याला आपण दोघं सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो. बियाणाच्या. तू टपोरा दाणा सुपात टाकत होतीस आन् किडका, चिंबलेला माझ्याकडं सरकवत होतीस. खायला.

मी म्हणालो, "चांगलं समदं मातीत, आन् नासकं माझ्या तोंडात व्हय?"

तू म्हणालीस, "मातीतनं परत येतंय. तुमच्या तोंडातनं काय परत येतंय? शिव्या."

मग तू हैदराबादचा विषय काढलास. ऊस तुटून कारखान्याला गेला होता, रान मोकळं होतं. दर साली आपण ह्याच दिवसांत पोराकडं, दिलीपकडं जायचो. तू म्हणालीस, "ह्या बारीला त्या राजांच्या थडग्यांकडं जायचं. गेल्या बारीला निम्म्या वाटंतनं माघारी आणलंसा."

"थडगी काय बघायची? मेलेली माणसं."

"आन् तुमी तोफा बघतासा, त्या काय जित्या हायत?"

मी एक दाणा तोंडात टाकला, तो कडू निघाला. माझं तोंड बघून तू पदर लावून हसलीस. मग उठून भाकरी थापल्यास. जेवलो, निजलो. सकाळी म्हैस हंबरत होती, मी बाहेरनं तुला दोन हाका मारल्या, तिसरी रागानं मारली. ती मारायला नको होती. आत येऊन बघतो तर तू तशीच कुशीवर, हात उशाखाली.

एवढंच. दुखणं नाही, दवाखाना नाही. लोकं म्हणतात सोन्यासारखं मरण आलं. मला कुणी सोन्याचं सांगू नये. माझा पोरगा सोनं गाळतो. सोनं व्हायला काय काय जाळावं लागतं ते मी बघितलंय.

शालन, मी तुला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. "अगं" म्हटलं की तू येत होतीस. आता लिहायचं म्हणजे कुणाला लिहितोय ते तरी दिसलं पाहिजे, म्हणून नाव लिहिलं. चौथीपर्यंतचं शिक्षण, पुढं पलटण. अक्षर वाकडं आहे. तुला तर सरळ असतं तरी वाचता येत नव्हतं.

दिलीपनं विट्याकडच्या पोरांसारखा हैदराबादला गलाईचा धंदा काढला, तवा आपण पहिल्यांदा तिकडं गेलो. जुन्या शहरातली बोळ, खाली भट्टी, वर खोली. सोनारांच्या दुकानातला कचरा, मोड, काय काय आणून ती पोरं वितळवायची आन् त्यातनं शुद्ध सोनं काढायची. तेजाबाचा वास जिन्यानं वर यायचा. तू दोन दिवस डोक्याला फडकं बांधून बसलीस. तिसऱ्या दिवशी पिशवीत भाकरी, ठेचा घातलास आन् म्हणालीस, "चला भाईर. हितं बसून माझं सोनं व्हईल."

"कुठं जायाचं?"

"शेराचं गाव हाय. काय तरी आसंलच की बघायसारखं."

तिथनं आपलं हिंडणं सुरू झालं. आपल्या गावात कुणी म्हातारी माणसं देवाबिगर कुठं जात नाहीत. आपण मात्र पडके वाडे, बुरूज, मशिदी, कबरी बघत हिंडलो. तात्या म्हणायचा, "देव बघायचं सोडून ही दोघं मातीची ढेकळं बघाय जात्यात." तात्या म्हणजे माझा चुलतभाऊ, भावकीत त्याचा शब्द चालतो. त्याच्याबद्दल पुढं सांगतो, तुला राग येईल असंच सांगायचं आहे.

पलटणीत मी काश्मीर बघितलं, आसाम बघितलं. बघितलं म्हणजे काय, हुकूम झाला की गाडीत चढलो आन् हुकूम झाला की उतरलो. डोंगर म्हणजे चढायचा, नदी म्हणजे ओलांडायची. उभं राहून एखाद्या गोष्टीकडं नुसतं बघायचं, त्यात काय कामाचं नसलं तरी बघायचं, हे मला तुझ्यासंगं म्हातारपणी कळलं. हिंदी मला येत होतं, तुला नव्हतं. पण पुढं तू असायचीस आन् पाठीमागं पिशवी घेऊन मी.

चारमिनारचा जिना आठवतो? अंधारा, अरुंद. गुडघं धरून वर गेलीस. लोकं खालचा बाजार बघत होती, मी पण बघत होतो. तू भिंतीला टेकून धापा टाकत म्हणालीस, "हितं वर पाणी कोण आणत हुतं?"

"मला काय म्हाईत."

"एवढी माणसं वर नमाजाला येत आसतील तर हातपाय धुवायला पाणी नको? कुणीतरी घागर घिऊन चढलंच आसंल की."

तुझं हे कायमचं झालं. गोवळकोंड्याला मी तोफांपाशी रमलो. तोंड केवढं, मारा कुठवर, गाडा कसा फिरवायचा, सगळं तुला सांगत होतो. मागं वळून बघतो तर तू नाहीस. तू त्या वाटाड्याला धरून उभी होतीस. उंच, पानानं तोंड रंगलेला. त्याला तुझं काही कळत नव्हतं आन् तुला त्याचं.

"त्येला इचारा, चूल कुठं हुती."

मी विचारलं. तो माझ्याकडं बघतच राहिला. "अरे चचा, सबी लोगां तोप पूछते, हीरा पूछते. तुम चूल्हा पूछ रे?"

"हम नहीं, ये पूछती है."

त्यानं डोकं खाजवलं. "होता कईं तो भी."

"काय म्हणतोय?"

"आसंल कुठंतरी म्हणतोय."

"म्हंजी त्येलाबी ठावं न्हाई," तू म्हणालीस आन् त्याच्यावरची तुझी मर्जी गेली. मी तुला समजावत होतो, लढाईत चूल फिरती असते. आमच्या पलटणीत स्वयंपाक्याला लांगरी म्हणत, तो खड्डा खणून कुठंही डेग चढवायचा. तू म्हणालीस, "आन् किल्ल्यात बाया हुत्या का लांगरी? आठ म्हैनं वेढा पडला हुता, तुमीच सांगितलंसा. आठ म्हैनं तोफा खाल्ल्या का?"

आपण वर दरबारापर्यंत चढलो नाही. म्हणजे मी चढलो, तू खालच्या दरवाज्यात बसलीस. तिथं घुमटाखाली टाळी वाजवली की पार वर ऐकू येते. वाटाड्यानं तुला टाळी वाजवायला लावली. मी वर वाऱ्यात उभा होतो, आन् खरंच आली. बारीक, पण आली. मला लय आनंद झाला. मी वरनं ओरडलो, "ऐकू आली गं!" चार वेळा ओरडलो. खाली आल्यावर कळलं, तुला काहीच ऐकू आलं नव्हतं. खालचं वर जातं, वरचं खाली येत नाही, अशीच ती रचना. तू म्हणालीस, "राजाला आमचं कळायला पायजे, राजाचं आमाला कशाला?" आता तू वर गेलीस म्हणतात. मी खाली बसून लिहितोय. बघ पोचतंय का.

आन् त्या रात्रीच्या खेळाचं! किल्ल्याच्या भिंतींवर रंगीत दिवे सोडतात आन् भोंग्यातनं त्या राजांची गोष्ट सांगतात. दिलीप म्हणाला लय भारी असतो. आपण तिकीट काढून खुर्चीत बसलो आन् सुरू झाल्यावर कळलं, आज तेलुगूचा वार. हिंदीचा उद्या. एक अक्षर कळेना. मी म्हणालो उठ, तू म्हणालीस पैसं दिल्यात, बसा. घोड्यांच्या टापा वाजल्या की तू मान वळवून घोडी शोधायचीस. एक बाई भोंग्यातनं रडत होती. तू माझ्या दंडाला धरून गोष्ट सांगायला लागलीस, "ही राणी. हिचा पोरगा लढाईत गेलाय. आता बघा, चिट्ठी यील." चिठ्ठी आली का नाही देवाला माहीत, पण पुढं सगळे दिवे लाल झाले आन् तू म्हणालीस, "आली." मी हसलो. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. परतताना रिक्षात मी म्हणालो, ती राणी नसून भटारीण असली तर? तू म्हणालीस, "मग तर रडणारच. आठ म्हैनं रांधलं आन् नाव कुणी घेतलं न्हाई."

मला अशा गोष्टी आता आठवतात आन् हसू येतं. मग घर किती गप आहे ते कळतं.

आता त्या दगडाचं. आपलं भांडण तिथंच सुरू झालं आन् मिटलं नाही.

बागेपाशी ते सरकारी वस्तुघर होतं, तिथली माणसं अजायबघर म्हणायची. आत तलवारी, नाणी, मूर्ती. मी तलवारींपाशी होतो. तू बाहेर झाडाखाली, जिथं जुने दगड मांडून ठेवले होते.

"आवं, हिकडं या. ह्यो हात बघा."

उभा दगड होता. त्यावर कोपरात वाकवलेला बाईचा हात कोरलेला, तळवा वर, मनगटापासनं बांगड्याच बांगड्या. वरच्या बाजूला चांद आन् सूर्य.

"मग?"

"आपल्या वड्यावर म्या ज्या धोंड्यावर धुणं आपटते, त्येच्या कडंला ह्याच रेघा हायत. बांगड्याच्या."

"गप. रेघा समद्याच दगडाला आसत्यात."

"तुमी कवा धुणं धुतलंय?"

राखणदार जवळ आला. "क्या बोल रई अम्मा?"

"बोलती है, हमारे गाँव में इसपे कपडा धोती है."

तो हसायला लागला. "तो लेके आओ अम्मा, इधर रख देंगे."

"काय म्हणतोय?"

"दगूड घिऊन ये म्हणतोय."

"त्येला म्हणावं तूच ये. दोन लुगडी जास्तीची धुवून जा."

पण मग त्यानं सांगितलं हा दगड कशाचा. लढाईत नवरा पडला की त्याची बायको चितेवर जायची, तिच्या नावाचा दगड. शेजारी लढून मेलेल्या गड्यांचे दगड होते, ढाल-तलवारीवाले. मी तुला एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. तू ऐकत होतीस आन् त्या दगडी बांगड्यांवर बोट फिरवत होतीस. तो म्हणाला, "नक्को छूओ अम्मा." तू हात काढलास.

मग म्हणालीस, "त्येला इचारा, बाई आदुगर मेली तर गडी काय करत हुता? त्येचा दगूड कुठला?"

मी विचारलं. त्यानं ऐकलं, मला वाटतं पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाला, "मरद का वैसा नईं होता अम्मा. मरद का लडाई का होता."

"न्हाई म्हणतोय," मी म्हणालो.

बसमध्ये भाकरी तशीच पिशवीत राहिली.

गावी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहार घेऊन तू ओढ्यावर गेलीस. मी हसत मागनं आलो. धोंडा निम्मा मातीत होता. दोघांनी मिळून उलटा केला. खालच्या अंगाला हात होता. अगदी तसाच, कोपरात वाकलेला. पिढ्यानपिढ्या आपल्या घरातल्या बायका त्याच्या पाठीवर धुणं आपटत होत्या. तू चिखल धुतलास आन् दगड काठावरच्या लिंबाला टेकवून उभा केलास. बस्स, तुला एवढंच करायचं होतं. धुणं दुसऱ्या दगडावर.

तात्याला कळल्यावर तो शेंदूर घेऊन आला. मागनं भावकी, नारळ, हळदकुंकू. "सतीआई सापडली! वहिनीला दृष्टान्त झाला!"

"मला कसला दिष्टान्त? म्या अजायबघर बघून आले."

"वहिनी, ही आपल्याच घराण्यातली आसणार. थोर बाई."

"नाव काय तिचं?"

तात्या शेंदूर कालवायला लागला.

"भाऊजी, घराण्यातल्या गड्यांची नावं पार वरपातूर सांगतासा. हिचं नाव सांगा. नाव ठावं न्हाई आन् नारळ फोडताय व्हय?"

तरी नारळ फुटला. चौथरा झाला, चुना लागला. चैत्रात नैवेद्य सुरू झाला. तू कधी गेली नाहीस. मी जात होतो. आन् रात्री जेवताना आपलं सुरू व्हायचं. मी म्हणायचो, दगड आहे म्हणून तर कळलं की अशी कुणी बाई होती. न्हाईतर तेवढंही राहिलं नसतं.

"दगूड हाय म्हणूनच पुढच्या बाईलाबी जावं लागलं आसंल," तू म्हणायचीस. "तिला जायाचं हुतं का, कुणी इचारलं? ढोल वाजवत आसतील. वरडली तरी कुणाला ऐकू जातंय?"

"तुला सगळ्यातलं वाकडंच दिसतंय."

"आन् एक सांगून ठिवते. म्या मेल्यावर माझा दगूड करू नगासा."

"तुझा कोण करतंय! तू काय सती हायस?"

"तेच म्हणते म्या."

हसलो दोघंही. पण भांडण संपलं नाही. मला अजून वाटतं, दगड पाहिजे. माणूस गेल्यावर हात ठेवायला काहीतरी पाहिजे. तू असतीस तर आज रात्री पण हेच म्हणालो असतो आन् तू वाटी आपटली असतीस.

तू गेलीस तवा बायका आल्या. कडेगावला माणूस पाठवून दिलीपला फोन लावला, तो जीप करून निघाला. तो येईस्तोवर तुला अंगणात बसवली. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट. ओटी भरली. तात्याच्या बायकोनं तुझ्या कपाळाचं कुंकू घेऊन आपल्या कपाळाला लावलं. मग एकेक जण तसंच करायला लागली. "भाग्याची गं बाई. नवऱ्याआधी गेली. आहेव गेली."

पाटणहून तुझ्या माहेरची माणसं आली, ती पण तेच म्हणाली. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्याकडं बघून म्हणत होत्या सगळ्या, जसं काही मी जिवंत राहून तुझ्यावर उपकार केले. मी मेलो असतो तर तुझ्या बांगड्या फोडल्या असत्या. तू मेलीस तर तुला भरल्या. माझं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. एकानं तंबाखू पुढं केली.

तू असतीस तर त्या गर्दीत नक्की काहीतरी विचारलं असतंस आन् सगळ्यांची तोंडं बंद केली असतीस. मला ते जमत नाही. माझ्या तोंडातनं शिव्याच येतात. त्या पण आल्या नाहीत.

सावडून झालं त्या दिवशी दुपारी तात्या भावकी घेऊन सोप्यात बसला. दिलीप डोक्याचा गोटा केलेला, माझ्या शेजारी. तुझी राख मडक्यात, दारातल्या लिंबाच्या फांदीला टांगलेली.

तात्या म्हणाला, "आमचा समद्यांचा इचार झालाय. वहिनीची निम्मी रक्षा सतीआईच्या शेजारी ठेवू. तिथंच लहानसा चौथरा, वर दगूड. सतीआई तिनंच काढली. आन् आहेव मरण आलं, म्हंजी तिची पुण्याई. दोगी शेजारी शेजारी शोभतील. चैतात नैवद दोघींना."

दिलीप म्हणाला, "आण्णा, मी हैदराबादहून काळा दगड पाठवतो. तिकडं पॉलिश चांगलं करतात. आईचं नाव कोरून घेतो."

खरं सांगतो. माझ्या जिवाला लय बरं वाटलं. मला तो दगड दिसला. काळा, गुळगुळीत, त्यावर तुझं नाव. मला दिसलं की मी सकाळी म्हशीला पाणी दाखवून तिथं जातोय, दगड ओल्या फडक्यानं पुसतोय, शेजारी बसून तंबाखू मळतोय. बोलायला जागा झाली असती. मी तोंड उघडलं ते व्हय म्हणायलाच.

आन् मग तात्या म्हणाला, "पोरीबाळींना दाखवायला व्हईल. बघा म्हणावं, बाई कशी आसावी."

शालन, मी तुला किती वर्षं बघितलं. तू कशी होतीस ते मला माहीत आहे. तू राखणदाराला धुणं धुवायला बोलावणारी. तेलुगूतली राणी आपल्या मनानं रडवणारी. माझ्याशी रोज भांडणारी, किडकं मला खायला घालणारी. त्या चौथऱ्यावर ती बाई राहिली नसती. पाच-पंचवीस वर्षांनी कुणी विचारलं असतं, ही कोण, तर तात्याच्या नातवंडांनी सांगितलं असतं, नवऱ्याआधी गेली ती. तुझं नाव कोरलेलं असतं तरी सांगितलं हेच असतं.

मी म्हणालो, "न्हाई."

"काय न्हाई?"

"दगूड न्हाई करायचा. रक्षा समदी पाण्यात सोडायची."

तात्याला वाटलं मला खर्चाची काळजी. "आरं, भावकी करतीया. तुला काय पडतंय?"

"तिनं नगं म्हटलं हुतं."

"बायका म्हणत्यात तसं. नगं म्हणायचं म्हंजी करा."

"आमची तसली न्हवती. तिचं नगं म्हंजी नगं."

"आरं गड्या, जन्मभर तिचं ऐकलं न्हाईस, आता मेल्यावर ऐकतूस?"

हे खरं होतं, म्हणून लागलं. मी म्हणालो, "व्हय. आता ती भांडाय येत न्हाई, म्हणून ऐकतोय."

तात्या उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "बायकोला साधा एक दगूड दिला न्हाई. गाव काय म्हणंल?" गाव काय म्हणायचं ते म्हणतंय. तात्याची बायको तोंड फिरवून जाते. दिलीप पण दुखावला. त्याला आईसाठी काहीतरी करायचं होतं. मी ते पण काढून घेतलं.

रात्रभर मी तुझ्यावर रागावलो होतो. तुझ्यासाठी न्हाई म्हणालो, आन् आता माझ्याकडं काय आहे? सोपा आहे, म्हैस आहे. तुझ्या लुगड्यांचं गाठोडं तुझ्या माहेरच्यांनी वाटून नेलं. तू अशी कशी गं, मागं माणसाला टेकायला काही ठेवू नका म्हणणारी? मी तुझं ऐकलं, पण मला पटलेलं नाही. हे लिहून ठेवतो. भेटशील तवा पहिलं हेच काढणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीप आन् मी मडकं घेऊन पहिल्या एसटीनं कऱ्हाडला गेलो. कोयना तिथं कृष्णेला मिळते. तुझ्या माहेराकडनं येणारं पाणी आहे, तुला ओळखीचं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मडकं उलटं केलं. राख जरा वेळ पाण्यावर राहिली, मग दिसेना. मी बघत होतो कुठं गेली. दिलीप म्हणाला, "आण्णा, चला. गार लागंल." मी म्हणालो, तू हो पुढं, स्टँडवर थांब.

घाट चढून वर आलो तर जुन्या कोटात पायऱ्यांची एक विहीर आहे. पाटणला जायला कितीदा आपण कऱ्हाडात एसटी बदलली, पण ह्या अंगाला आलोच नव्हतो. परमुलखातलं सगळं बघितलं आन् हे पायाखालचं राहिलं. मी ओल्या धोतरानं उतरायला लागलो. लांबलचक पायऱ्या, दोन्ही अंगाला बांधून काढलेल्या भिंती, खाली हिरवं पाणी. निम्म्यात दम लागला, तिथंच बसलो.

वरनं एक तरणं जोडपं आलं. बाई निऱ्या धरून उतरायला लागली, माझ्या पुढनं खाली गेली आन् भिंतीतल्या कोनाड्यात डोकावायला लागली. नवरा वरच उभा. पिशवी खांद्याला.

"अगं ये, काय हाय त्या खड्ड्यात? एसटी जाईल."

"जाऊ दे. तुमी व्हा पुढं."

"पुढं व्हा म्हणती! तिकडं लग्न लागून जाईल, आन् ही विहिरीत!"

"आवं, या तर खरं. हितं भिंतीत खोली हाय. कुणीतरी राहत आसंल."

"कोण राहतंय विहिरीत? मासं?"

ती हसली. तो हलला नाही, मनगटावरचं घड्याळ बघत राहिला.

मी मान वर करून म्हणालो, "आवं पावणं, खाली या की. एसटी दुसरी मिळंल."

त्यानं माझ्याकडं बघितलं. ओलं धोतर, उघडं डोकं. आवाज बारीक करून म्हणाला, "कोण गेलं, आजोबा?"

"बायको."

त्यानं चपला काढून हातात घेतल्या आन् भिंतीला धरून एकेक पायरी उतरायला लागला. वाट अरुंद होती. मी सरकून त्याला जागा दिली.